मोठ्याने वाचलेलं वाक्य

चौतीस वर्षं मी सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि तेवढ्या काळात एक खोड अंगात मुरली. ज्या मुलाचं वाक्य उत्तम असेल त्याची वही उचलायची आणि सगळ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवायची. मुलं लाजायची, पण आतून फुगायची. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्या मास्तरांकडे बघूनच म्हणत असावेत.

निवृत्तीनंतर तीन महिने मी भेस्तानच्या घरात बसून बायकोला शिकवलं. कुकरच्या शिट्ट्या किती, पेपरची घडी कशी, भाजीवाल्याशी बोलायचं कसं. वंदना बँकेतून निवृत्त झालेली. जन्मभर काउंटरवर लोकांचं ऐकून घेतलेली बाई घरी माझं का ऐकेल? एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्हाला वर्ग पाहिजे. मी एकटी म्हणजे वर्ग नव्हे." तिनेच कुणाकुणाला फोन केले आणि डिंडोलीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये माझा वर्ग सुरू झाला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी तीन ते साडेचार, फक्त बायकांसाठी.

सात जणी यायच्या. सगळ्या खानदेशातल्या, कुणी पारोळ्याची, कुणी अमळनेरची. नवरे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, नाहीतर भरतकामाच्या मशीनवर. या बायकांना इंग्रजी जमणार नाही असं सोसायटीचे चेअरमन मला पहिल्याच दिवशी म्हणाले, आणि माझं डोकं तापलं. जी बाई अहिराणी, हिंदी आणि गुजराती अशा तीन भाषांत भांडू शकते, तिला चौथी जड का जावी? त्यांना फक्त कुणी हसेल याची भीती होती. ती भीती दोन महिन्यांत गेली, कारण वर्गात हसण्याचा हक्क मी फक्त माझ्याकडे ठेवला होता.

सगळ्यांत हुशार सोनाली. अमळनेरहून बी.ए. झालेली, लग्नाला दोन वर्षं झालेली, नवरा कुंदन भरतकामाच्या मशीनवर बारा तासांच्या पाळीत. पुढे मुलंबाळं इंग्रजी शाळेत जातील, तेव्हा फॉर्म भरायला घरात कुणीतरी हवं, असं सांगून तिने वर्गाची परवानगी मिळवली होती. सासरे मगनभाऊ लूमच्या कारखान्यात मास्तर, म्हणजे कारागिरांवर देखरेखीला. त्यांची एकच अट होती, सून एकटी जाणार नाही. म्हणून तिच्याबरोबर सासू यायची, सरलाबाई.

सरलाबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या. मांडीवर साडी, बाजूला चकचकीत खड्यांची डबी. सुरतेत घरोघरी बायका साड्यांवर खडे चिकटवायचं काम करतात, तसं त्यांचं काम दीड तास चालायचं. मान वर नाही, तोंडातून शब्द नाही. त्या राखणीला येतात, शिकायला नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. कधी त्यांना प्रश्न विचारला नाही, वही आणा म्हटलं नाही. मास्तर म्हणून मी स्वतःला फार पारखी समजत होतो.

एका मंगळवारी वाक्प्रचारांचा धडा आला. पत्त्यांच्या खेळातून इंग्रजीत आलेले वाक्प्रचार, गुपित कसं फुटतं ते सांगणारे. पुस्तक लिहिणाऱ्याने सगळ्यांना पोकर येतं असं धरून चालवलं होतं. डिंडोलीत पोकर कुणाला येतंय? मी पुस्तक मिटलं आणि पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला. "मेंढीकोट कुणाकुणाला येतं?"

सातही हात वर झाले. दहाच्या पत्त्याला मेंढी म्हणायचं, समोरासमोरचे दोघं भिडू, आणि ज्यांच्याकडे मेंढ्या जास्त ते जिंकले. हे खानदेशातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. वर्षा आणि धनश्री एकीकडे भिडू झाल्या. सोनालीला भिडू मिळेना, कारण बाकीच्या लाजत होत्या. मी दाराकडे वळून म्हटलं, "सरलाबाई, तुम्ही बसा." त्यांनी खड्यांची डबी बंद केली आणि मुकाट्याने येऊन बसल्या.

वर्षाला बोलायची फार हौस. बोलता बोलता तिचा हात कलला, शेजारी बसलेल्या सोनालीला तिची बदामाची मेंढी दिसली आणि दोन डावांतच सोनालीने ती खाल्ली. मी टाळी वाजवली. "बघा, याला इंग्रजीत म्हणतात टिप युवर हँड. वर्षाने पत्ते दाखवले का?"

"नाही सर, मी कुठे दाखवले," वर्षा चिडून म्हणाली.

"तेच. दाखवले नाहीत, दिसले. मनात नसताना आपला बेत दुसऱ्याला कळला."

सरलाबाईंचे पत्ते मात्र पदराआड होते. चेहरा रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईसारखा. त्यांच्याकडे इंग्रजीचं दुसरं उदाहरण आयतंच होतं, पत्ते छातीशी धरून खेळणे, म्हणजे मनातलं कुणाला न कळू देणे. मी ते फळ्यावर लिहीपर्यंत सासू-सुनेने चारही मेंढ्या घेतल्या होत्या आणि समोरच्यांवर कोट चढवला होता. बायका हसल्या. सरलाबाई उठून परत खुर्चीवर गेल्या आणि डबी उघडली.

मग धनश्रीने विचारलं, "सर, आपल्यात याला काय म्हणतात?" मी म्हटलं, "ताकास तूर लागू न देणे. आणि फुटलंच तर पोटातलं ओठावर आलं म्हणतो." बोलता बोलता मलाच गंमत वाटली. इंग्रजांचं गुपित हातात असतं, कुणीही वाकून बघावं. आपलं पोटात असतं, ते आपणच बाहेर काढतो. हे मी वर्गात दोनदा सांगितलं, कारण मला माझी वाक्यं आवडतात.

सोनालीने ते लिहून घेतलं आणि विचारलं, "सर, आणि जे सांगायचं असतं पण सांगता येत नाही, त्याला काय म्हणतात?"

"ते पुढच्या धड्यात," मी म्हटलं. मुलगी काय विचारते आहे याकडे माझं लक्ष नव्हतं. मी गृहपाठ दिला, या वाक्प्रचारांची तीन वाक्यं करून आणा, आणि मोपेडला किक मारली.

गुरुवारी वह्या आल्या. वर्षाने पुस्तकातली वाक्यं उतरवली होती, धनश्रीने 'हँड'ला एक अक्षर जास्त लावलं होतं. मग सोनालीची वही. तिसरं वाक्य वाचून मी खुर्चीतून उठलोच. इतकं लांब आणि इतकं निर्दोष वाक्य शाळेत मला दहा वर्षांतून एखाद्या मुलाकडून मिळायचं. कारण सांगणारं उपवाक्य जागच्या जागी, काळ बरोबर, स्वल्पविरामसुद्धा बरोबर. अर्थ असा, की मी माझे पत्ते छातीशी धरून आहे, कारण सोमवारी अकरा वाजता रिंग रोडवरच्या एका एक्सपोर्टच्या ऑफिसात माझी मुलाखत आहे आणि माझ्या सासरच्या माणसांना ते माहीत नाही.

वाक्य म्हणजे वाक्य. कर्ता, क्रियापद, कर्म यापलीकडे मी पाहिलंच नाही. वही उंच धरली आणि खणखणीत आवाजात वाचलं. एकदा वाचून समाधान झालं नाही म्हणून फळ्यावर लिहिलं. वर "आता याचं मराठी कोण सांगेल?" असंही विचारलं.

कुणीच सांगेना. एरवी चुरुचुरु बोलणारी वर्षा नखं बघत होती. मग मी सोनालीकडे पाहिलं. ती बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि तिच्या तोंडावरचं रक्त पार उतरलं होतं. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी डस्टर उचललं आणि फळा असा पुसला की खडूची धूळ माझ्याच नाकात गेली.

दाराशी सरलाबाई खडे चिकटवत होत्या. एक खडा, बोटाने दाब, दुसरा खडा. मला हायसं वाटलं. त्यांना इंग्रजी कुठे येतंय, असं मी मनाशी म्हटलं. सोनालीनेही तिरक्या नजरेने तिकडे पाहिलं आणि तिचा श्वास परत आला. साडेचार वाजले. सरलाबाईंनी साडीची घडी केली, डबी पिशवीत टाकली, आणि माझ्या टेबलाजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "सर, इन-लॉज म्हणजे आम्हीच ना?"

 त्यांना उत्तर नकोच होतं. सुनेला पुढे घालून त्या जिना उतरल्या.

शनिवारी दोघी आल्या नाहीत. सोनालीचा फोन बंद. संध्याकाळी वंदनाला सगळं सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम ठेवलं. "तुम्ही वाचायच्या आधी तिला विचारलं होतं?" मी म्हटलं, शाळेत कधी विचारलं नाही. "शाळेत मुलं होती. ही बाई आहे, तिला संसार आहे. बँकेत कुणाचं खातं मी काउंटरवरून ओरडून सांगितलं असतं तर?"  रात्रभर मी कूस बदलत राहिलो. त्या मुलीने पहिल्यांदा एक दार शोधलं होतं आणि मी बाहेरून कडी घातली होती, तीही शाबासकी देता देता. मला स्वतःची लाज वाटली.

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, दाराशी चपला, आत पंख्याचा आवाज. सरलाबाईंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "या सर. जरा हळू, हे झोपेल शेत." मगनभाऊ रात्रपाळी करून आले होते. स्वयंपाकघराच्या दारात सोनाली दिसली. डोळे सुजलेले होते, पण मला पाहून तिने मान हलवली.

मी वाटेत जुळवून ठेवलेलं बोललो. "सरलाबाई, चूक माझी आहे. तिला काही बोलू नका. ते वाक्य खरं नव्हतं, नुसता अभ्यास होता."

"सर," त्या म्हणाल्या, "खोटं वाक्य इतलं चांगलं ऱ्हात नई."

चौतीस वर्षांत वाक्याची अशी पारख मला कुणी सांगितली नव्हती. मी विचारलं, "तुम्हाला सगळं कळलं?"

"पाच महिने झाले सर. खडे चिकटवायला हात लागतात. कान मोकळेच असतात."

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून मी पाण्याचा पेला खाली ठेवला. शनिवारी वर्गाच्या वेळेला त्या सोनालीला घेऊन रिंग रोडला गेल्या होत्या. ते ऑफिस शोधलं. दुसरा मजला, लिफ्ट आहे. समोरच्या पायरीवर बसून तासभर कोण आत जातं, कोण बाहेर येतं ते पाहिलं. चार बायका काम करतात, त्यांतल्या एकीच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. वॉचमनला विचारलं तर सहाच्या आत सगळ्या घरी जातात म्हणाला. "जागा चांगली शे," त्या म्हणाल्या. फोन त्यांनीच काढून ठेवला होता, कारण सोनाली रडत माहेरी फोन करेल आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी अमळनेर फिरून सासऱ्याच्या कानावर येईल, ही त्यांची धास्ती.

"मग आता अडचण काय?" मी विचारलं. त्यांनी नुसती आतल्या खोलीकडे नजर वळवली.

तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला आणि मगनभाऊ बनियनवर बाहेर आले. "सर? तुमी कथाईन? काय झायं?" मी तिथे कसा, हे त्यांना कळेना.

"काही नाही, सहज," मी म्हटलं. पंख्याखाली बसूनही माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. पत्ते छातीशी धरायचा धडा शिकवणारा मी, माझ्या तोंडावर सगळा डाव लिहिलेला असणार. मगनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग बायकोकडे. "काय दपाडी ऱ्हायनात?" त्यांनी विचारलं. काय लपवताय?

सरलाबाईंनी पदर सारखा केला. "उद्या अकरा वाजता सोनालीनी मुलाखत शे. ऑफिसनं काम. मी संगे जाई ऱ्हायनू."

"कुंदनले माहीत शे?"

"फॉर्म त्यासनीच भरा," सोनाली दारातून म्हणाली. नोकरीचा अर्ज कुंदननेच भरला होता.

मगनभाऊ पलंगाच्या कडेवर बसले. ते चिडतील म्हणून मी तयार होतो, पण ते चिडले नाहीत. त्यांचा आवाज बसला. "म्हंजे घरमा मी एकलाच. मास्तरले बी माहीत शे. मी काय वाघ शे का?" त्या माणसाचं मला वाईट वाटलं. ज्याला भितात त्यालाही कधीतरी एकटं पडल्यासारखं वाटतं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

सोनाली सासऱ्यांकडे दोन पावलं पुढे आली. "मामा, तुमी नई म्हनतात. आनि एकदाव नई झायं का परत इचारता येत नई."

 मग सरलाबाई म्हणाल्या, "तुमले एक सांगनं शे. अठ्ठावीस वरीस झायात." आणि सांगितलं. पारोळ्याजवळच्या गावी असताना बालवाडीवर बाई हवी होती. गावात सातवी पास अशी सून त्या एकट्याच. ग्रामसेविका घरी येऊन कागद देऊन गेली, आठ दिवसांत सही करून पाठवायचा. सरलाबाईंनी तो ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली ठेवला. रोज ठरवायच्या, आज सांगते. आठ दिवस गेले, मग वर्ष गेलं. सुरतेला यायला निघाले तेव्हा त्याच कागदाने शेवटची चूल पेटवली. बालवाडीवर नंतर शेजारच्या गावची बाई आली. हे सगळं त्या त्याच आवाजात सांगत होत्या ज्या आवाजात त्यांनी मला या म्हटलं होतं, पण दोन्ही हात पदराच्या टोकाशी गाठ मारत होते आणि सोडत होते.

मगनभाऊंनी मान वर केली. "तव्हय का नई सांगं?"

"सांगतू तर तुमी काय म्हनतात?"

ते हो म्हणून टाकतील असं मला वाटलं. अठ्ठावीस वर्षांनंतर हो म्हणायला काय जातं? पण मगनभाऊ खरा माणूस. त्यांनी जमिनीकडे पाहत विचार केला, खरोखर केला, आणि म्हणाले, "नई म्हनतू." नाही म्हटलं असतं.

सरलाबाईंनी मान हलवली. त्यांना ते माहीतच होतं. तरीही ते नवऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. पेपर तपासताना मी हजारो खरी उत्तरं पाहिली असतील, एवढं महागाचं एकही नव्हतं.

मगनभाऊ सुनेकडे वळले. "आते इचार."

सोनालीने सासूकडे पाहिलं.  मग तिने विचारलं, "मामा, उद्या मी जाऊ?"

"जाय," मगनभाऊ म्हणाले. मग उठले, तोंड धुवायला मोरीकडे गेले आणि तिथूनच म्हणाले, "सरले च्या दी का नई कोनी?"

चहा घेऊन मी निघालो. सोनाली जिन्यापर्यंत आली. मी तिची माफी मागितली. मास्तरांना माफी मागायची सवय नसते, त्यामुळे ती वाकडीतिकडीच झाली असेल. यापुढे कुणाची वही विचारल्याशिवाय वाचणार नाही, एवढं मात्र सरळ सांगितलं. ती म्हणाली, "सर, तुम्ही वाचलं नसतं तर मी सोमवारी पोट दुखतंय सांगून घरून निघणार होते. आणि रोज काय दुखतंय सांगितलं असतं?" मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच, ते मी विचारलं नाही.

सोमवारी ती गेली. बुधवारी तिला ऑफिसातून फोन आला, पुढच्या सोमवारपासून ये म्हणाले. गुरुवारी तिने वर्गात पेढे वाटले आणि वर्षाने दोन खाल्ले.

त्यानंतरच्या मंगळवारी तीनला पाच मिनिटं असताना सरलाबाई एकट्याच आल्या. दाराजवळच्या खुर्चीकडे न जाता पहिल्या बाकावर बसल्या आणि पिशवीतून नवी कोरी वही काढली. मी विचारलं, "सोनाली ऑफिसला असेल ना? मग आज तुम्ही कुणाबरोबर आलात?"

"कुणाबरोबर नाही, सर. माझी मी आले. ह्यांना विचारलं काल."

"काय म्हणाले?"

"पहिल्यांदा नई म्हणाले," सरलाबाई वहीवर नाव घालत म्हणाल्या. "मग मी परत विचारलं."